प्रोलॅक्टिन वाढले? आधी घरातल्या गोळ्या तपासा

पाळी दोन-तीन महिने लांबली किंवा मूल राहत नाही म्हणून तपासण्या सुरू झाल्या, की रक्ताच्या यादीत थायरॉइडच्या शेजारी आणखी एक नाव हमखास असते, ते प्रोलॅक्टिनचे. रिपोर्ट हातात येतो. बाकीच्या ओळी साध्या, ही एकच ठळक छापलेली आणि शेजारी ‘हाय’. डॉक्टरांची वेळ परवा संध्याकाळची मिळालेली असते. मग मोबाइल उघडला जातो आणि दोन-चार ठिकाणी बोट फिरवेपर्यंत ‘मेंदूतली गाठ’ समोर येते. त्यानंतर घरात कुणालाच धड जेवण जात नाही.

त्या मधल्या दोन दिवसांसाठी हा लेख आहे. गाठ असू शकते, नाही असे नाही. आणि असली तरी गोळ्यांनी इतकी छान आटोक्यात येणारी गाठ शरीरात दुसरी क्वचितच सापडेल. पण थोड्या किंवा मध्यम वाढलेल्या प्रोलॅक्टिनमागे पुष्कळदा साधी कारणे असतात आणि त्यांतले एक तर घरातल्या औषधांच्या डब्यातच पडलेले असते. पित्तावरची कॅप्सूल घेतल्याने स्तनातून दूध यावे, हे ऐकायला विचित्र वाटते. ते का घडते हे समजले, तर पुढची पावले आपोआप योग्य क्रमाने पडतात. त्यासाठी थोडे आत शिरावे लागेल.

‘सोडू नको’ म्हणणारा मेंदू

कवटीच्या तळाशी, नाकाच्या मुळामागे, हाडाच्या एका खोबणीत पीयूषिका ग्रंथी म्हणजे पिट्युटरी बसलेली असते. वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. ती एका नाजूक देठाने वरच्या हायपोथॅलॅमसला लटकलेली असते. थायरॉइड, अॅड्रिनल, बीजकोश, वृषण यांना कामाला लावणारी संप्रेरके तिच्यातून निघतात आणि त्यांपैकी बहुतेकांना वरून ‘सोड’ असा हुकूम यावा लागतो. हुकूम थांबला की संप्रेरकही आटते.

प्रोलॅक्टिनचे उलटे आहे. ते बनवणाऱ्या लॅक्टोट्रॉफ पेशी कुणी न सांगताही चालू असतात. त्यांच्यात आपोआप विजेचे झटके उमटतात, प्रत्येक झटक्यासरशी थोडे कॅल्शियम आत शिरते आणि त्या कॅल्शियममुळे प्रोलॅक्टिनने भरलेले सूक्ष्म दाणे पेशीच्या कडेला येऊन फुटतात. मोकळे सोडले तर त्या प्रोलॅक्टिन ओततच राहतील. म्हणून मेंदूला त्यांना अष्टौप्रहर ‘सोडू नको’ असे बजावत राहावे लागते आणि हे बजावण्याचे काम डोपामिन करते.

हे कळले कसे, तो प्रयोग सांगण्याजोगा आहे. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात जॉन एव्हरेट यांनी उंदरांची पिट्युटरी तिच्या जागेवरून काढून मूत्रपिंडाच्या आवरणाखाली रोवली. १९५४ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. मेंदूपासून तुटलेली ग्रंथी निपचित पडावी, अशी अपेक्षा होती आणि बाकी संप्रेरकांच्या बाबतीत तसेच झाले. पण त्या माद्यांच्या बीजकोशातले पीतपिंड महिनोन्‌महिने टवटवीत राहिले. उंदरात पीतपिंड टिकवायला प्रोलॅक्टिन लागते. म्हणजे मेंदूचा संबंध तुटल्यावर ग्रंथी ते सोडतच होती, तेही न थांबता. मेंदूकडून तिला एरवी मनाई होती, हे त्यातून उघड झाले. ती मनाई डोपामिनची, हे पुढच्या दोन दशकांत पक्के झाले.

आता त्या पेशीच्या दारातच जाऊन उभे राहू. हायपोथॅलॅमसच्या तळाशी असलेले काही न्यूरॉन्स डोपामिन सोडतात. ते देठातून खाली उतरणाऱ्या खास बारीक रक्तवाहिन्यांत मिसळते आणि थेट पिट्युटरीत पोचते. लॅक्टोट्रॉफच्या आवरणावर डी-२ नावाचे ग्राही असतात, डोपामिन त्यांना चिकटते. चिकटताच आत दोन गोष्टी होतात. पोटॅशियमच्या वाटा उघडतात, पेशीतला विद्युतभार आणखी ऋण होतो, झटके मंदावतात आणि कॅल्शियमची दारे मिटतात. कॅल्शियम नाही, तर दाणे फुटत नाहीत. त्याच वेळी सायक्लिक एएमपी नावाचा निरोप्या रेणूही घटतो. इतके सगळे काही सेकंदांपासून मिनिटांत घडते. डोपामिनचा हात तसाच काही तास, काही दिवस राहिला, तर प्रोलॅक्टिनचा जनुकच मंदावतो, नवे प्रोलॅक्टिन बनणे कमी होते आणि साठलेले दाणे पेशी स्वतःच मोडीत काढते. आठवडे-महिने राहिला, तर पेशी आक्रसते, तिची संख्यावाढ थांबते. उंदरातला डी-२ ग्राहीचा जनुक काढून टाकला, तर नेमके उलटे होते: लॅक्टोट्रॉफ वाढत जातात आणि वय होता होता पिट्युटरीत गाठी येतात.

प्रोलॅक्टिनच्या गाठीवर शस्त्रक्रियेऐवजी गोळी पहिली का, याचे उत्तर या शेवटच्या दोन वाक्यांत आहे. ते पुढे येईलच.

निसर्ग ही मनाई स्वतःहून सैल करतो, तो बाळासाठी. बाळ अंगावर ओढू लागले की स्तनाग्रापासून निघालेला संदेश हायपोथॅलॅमसपर्यंत जातो, डोपामिन कमी सुटते आणि काही मिनिटांत प्रोलॅक्टिन उसळते. गर्भारपणात तर ते दहापटीने वाढणे अगदी स्वाभाविक असते. म्हणून गरोदर बाईने किंवा अंगावर पाजणाऱ्या आईने प्रोलॅक्टिन तपासून घेणे म्हणजे पैसे देऊन काळजी विकत घेणे आहे.

जाता जाता एक. हल्ली मोबाइल बाजूला ठेवून ‘डोपामिन डिटॉक्स’ करण्याची टूम आहे. मोबाइल जरूर बाजूला ठेवा, पण त्याने प्रोलॅक्टिनचा आकडा हलणार नाही. मौजमजेशी जोडलेले डोपामिनचे जाळे मेंदूत वेगळे, पिट्युटरीकडे उतरणारे वेगळे. नाव एकच आहे म्हणून एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

पित्ताच्या कॅप्सूलचा संबंध

डोपामिनचा ग्राही कुठल्याही औषधाने अडवला, तर लॅक्टोट्रॉफच्या दृष्टीने मनाई उठली. मग रक्तातले प्रोलॅक्टिन वाढते, गाठ नसताना.

अशी औषधे कुठे असतात? मनोविकारांवर दिली जाणारी रिस्पेरिडोन, अॅमिसल्प्राइड, हॅलोपेरिडॉल ही त्यांत ठळक. पण आपल्याकडे जास्त सापडतात ती पोटाची. उलटीवरचे मेटोक्लोप्रामाइड, पोट फुगल्यावर दिले जाणारे डोमपेरिडोन आणि अपचन-अॅसिडिटीवर सर्रास लिहिले जाणारे लिव्होसल्पिराइड. ही औषधे सहसा एकटी येत नाहीत. ‘सकाळी उपाशीपोटी घ्यायची पित्ताची कॅप्सूल’ म्हणून जी घराघरात असते, तिचे पाकीट उलटे करून पाहा. चंदेरी पत्र्यावर, घडी पडते तिथेच नेमकी, बारीक अक्षरे असतात: पॅन्टोप्राझोल ४० मिलिग्रॅम आणि डोमपेरिडोन ३० मिलिग्रॅम. किंवा राबेप्राझोल २० आणि लिव्होसल्पिराइड ७५. पहिले नाव आम्ल कमी करणारे. प्रोलॅक्टिनशी संबंध दुसऱ्या नावाचा.

डॉक्टरांनी ही कॅप्सूल दहा-पंधरा दिवसांसाठी लिहिलेली असते. नंतर ‘तीच द्या’ म्हणत मेडिकलमधून वर्षानुवर्षे आणली जाते. नवरा घेतो म्हणून बायकोही घेते. आणि दवाखान्यात ‘काही औषध चालू आहे का?’ असे विचारले, की उत्तर मिळते, “नाही हो, काहीच नाही.” पित्ताची गोळी हे औषध आहे, असे आपल्याकडे कुणी मानतच नाही. बिचाऱ्या डॉक्टरांना कळणार कसे?

डोमपेरिडोनबद्दल एक बारकावा. ते रक्तातून मेंदूत फारसे शिरत नाही, म्हणून झोप, गुंगी, हात थरथरणे असे त्रास त्याने क्वचितच होतात आणि ते ‘सुरक्षित’ म्हणून खपते. पण पिट्युटरीला त्या अडथळ्याचे संरक्षण नसते. तिथे ते थेट पोचते आणि डी-२ अडवून बसते. काही देशांत आईला दूध येण्यासाठी डोमपेरिडोन दिले जाते, ते याच गुणामुळे. मात्र हृदयाची लय बिघडवण्याचा धोका लक्षात घेऊन अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये या वापराविरुद्ध इशारा दिला होता. शेजारणीने सांगितले म्हणून दुधासाठी ते आपल्या मनाने घेऊ नये.

यादी इथे संपत नाही. रक्तदाबावरचे मिथाइलडोपा आणि व्हेरापामिल, अफूवर्गातली वेदनाशामके, इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या यांनीही प्रोलॅक्टिन वाढू शकते. उलट बाजूलाही घोळ होतो. खाजकुइलीच्या बियांत, म्हणजे पुरुषांच्या शक्तिवर्धक चूर्णांतल्या कवचबीजात, एल-डोपा नैसर्गिकरीत्या असतो आणि शरीरात त्याचे डोपामिन बनते. असे चूर्ण चालू असेल, तर आकडा खाली दिसू शकतो. आयुर्वेदिक आहे म्हणून सांगायचे राहते, तसे राहू देऊ नका. केसांसाठी बायोटिनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या घेत असाल, तर तेही लॅबमध्ये सांगा. काही यंत्रांची मोजणीच त्याने चुकते.

करायचे काय? गेल्या तीन महिन्यांत घेतलेले सगळे, गोळ्या, सिरप, चूर्ण, इंजेक्शन, एका कागदावर लिहा. ब्रँडचे नाव पुरेसे नाही, त्याखालची बारीक अक्षरे उतरवा. जमत नसेल तर सरळ रिकामी पाकिटे पिशवीत घालून न्या. पोटाचे औषध असेल, तर डॉक्टरांना विचारून थांबवा आणि तीन दिवसांनी प्रोलॅक्टिन पुन्हा तपासा. आकडा खाली आला, तर कारण सापडले.

मनोविकाराच्या औषधांना मात्र हा नियम लावायचा नाही. स्वतःच्या मनाने एक गोळीही बंद करायची नाही. आजार उलटला, तर त्याची किंमत वाढलेल्या प्रोलॅक्टिनपेक्षा फार मोठी असते. मानसोपचारतज्ज्ञांना रिपोर्ट दाखवा. औषध बदलता येते: क्वेटियापिन, क्लोझापिन यांनी प्रोलॅक्टिन फारसे वाढत नाही आणि अॅरिपिप्राझोल डी-२ ला पूर्ण अडवत नसल्याने उलट ते कमी करायला मदत करते. पण काय बदलायचे आणि कधी, हे त्यांनीच ठरवायचे. पाळी बंद झाली, छाती भरून आली, कामेच्छा गेली, हे सांगायला रुग्ण लाजतात आणि मग गुपचूप गोळ्या सोडतात. घरच्यांनी हे ओळखून स्वतःहून विचारलेले बरे.

रक्त देण्याआधी

प्रोलॅक्टिन दिवसभर एकसारखे नसते. झोपेत ते चढते आणि उठल्यावर हळूहळू उतरते. धावपळ, व्यायाम, जेवण, संभोग, स्तनाग्राला झालेले घर्षण, इतकेच काय पण सुई टोचण्याची भीती, यांनीही ते तात्पुरते वाढते. रात्रभर जागून, लोकल पकडून, दोन जिने चढून, घामाघूम होऊन लॅबच्या खुर्चीत बसलेल्या माणसाचे प्रोलॅक्टिन ३५ आले, तर त्यात नवल नाही.

म्हणून उठल्यावर निदान दोन तास जाऊ द्या. आदल्या दिवशी जोरकस व्यायाम नको. लॅबमध्ये पोचल्यावर लगेच हात पुढे करू नका. वीस-तीस मिनिटे शांत बसा, मग रक्त द्या. छातीची तपासणी त्याच सकाळी आधी झाली असेल, तर रक्त दुसऱ्या दिवशी द्या. आकडा थोडाच वाढलेला असेल, तर असे दुसऱ्यांदा तपासल्याशिवाय पुढचे काहीही करू नये, असे माझे तरी ठाम मत आहे. दोनदा रक्त देण्याचा खर्च एका एमआरआयपुढे काहीच नाही.

त्याच वेळी टीएसएच आणि क्रिएटिनिन करून घ्या, आणि पाळीच्या वयातल्या बाईने गर्भधारणेची चाचणी. थायरॉइड मंद असेल, तर हायपोथॅलॅमस टीआरएच नावाचे संप्रेरक जास्त सोडतो आणि ते लॅक्टोट्रॉफलाही चेतवते. थायरॉक्सिनची गोळी सुरू केली की दोन्ही आकडे जागेवर येतात. मूत्रपिंड थकले असेल, तरीही प्रोलॅक्टिन साठते. आणि पाळी चुकल्यावर सर्वांत साधी शक्यता कोणती, हे विसरून थेट मेंदूच्या फोटोपर्यंत गेलेल्या फाइली प्रत्येक स्त्रीरोगतज्ज्ञाने पाहिलेल्या असतात.

आकडा काय सांगतो

लॅबनुसार मर्यादा थोड्या बदलतात, पण साधारणपणे गरोदर नसलेल्या बाईत २५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरपर्यंत आणि पुरुषात १५ ते २० पर्यंत ठीक मानतात. काही लॅब वेगळ्या एककात देतात, तिथे आकडा सुमारे २१ पट मोठा दिसतो. रिपोर्टवर ५०० पाहून धसका घेण्याआधी शेजारचे एकक वाचा.

२५ ते १०० च्या दरम्यान बहुतेक वेळा औषधे, ताण, थायरॉइड, पीसीओएस असे काहीतरी निघते. लहान गाठही असू शकते. २५० च्या पुढे गाठीची शक्यता बरीच वाढते, तरी रिस्पेरिडोनसारख्या औषधाने आकडा २०० च्या पुढे गेलेला पाहण्यात येतो. ५०० च्या पुढे मात्र मोठी गाठ जवळजवळ नक्की.

दोन फसवे प्रकार लक्षात ठेवा. पहिला मॅक्रोप्रोलॅक्टिनचा. काहींच्या रक्तात प्रोलॅक्टिन प्रतिपिंडाला चिकटून मोठे गाठोडे होऊन फिरते. यंत्राला ते मोजता येते, शरीराला ते फारसे वापरता येत नाही. पाळी नियमित, दूध नाही, तक्रार काही नाही आणि आकडा ७०, असे असेल तर ‘मॅक्रोप्रोलॅक्टिन’ची वेगळी चाचणी करायला सांगा. तेच निघाले तर औषध नको, एमआरआय नको. निष्कारण वर्षानुवर्षे गोळ्या घेणारी माणसे यातून सुटतात. दुसरा प्रकार याच्या नेमका उलट. गाठ भलीमोठी, पण प्रोलॅक्टिन इतके प्रचंड की यंत्र गोंधळते आणि आकडा किरकोळ दाखवते. एमआरआयमध्ये मोठी गाठ आणि रक्तात मात्र ६०-७०, असे विसंगत चित्र दिसले, तर नमुना शंभरपट पातळ करून पुन्हा मोजायला सांगावे.

हे पातळ करून मोजणे किरकोळ नाही. देठावर दाब देणाऱ्या कुठल्याही दुसऱ्या गाठीनेही प्रोलॅक्टिन वाढते, कारण डोपामिन खाली उतरण्याची वाटच चेपली जाते. एव्हरेट यांच्या उंदरांत झाले तेच हे, फक्त अर्धवट. अशा वेळी आकडा सहसा १०० च्या आत राहतो आणि गोळीने आकडा उतरला तरी ती गाठ आटत नाही. तिला शस्त्रक्रिया लागते. खरी प्रोलॅक्टिनची गाठ असेल, तर मोठी असली तरी आधी गोळी. एका पातळ केलेल्या नमुन्यावर ऑपरेशन करायचे की नाही, हे ठरू शकते.

एमआरआय कधी? औषधे, थायरॉइड, गर्भधारणा, मॅक्रोप्रोलॅक्टिन हे सगळे बाद झाल्यावर. किंवा आकडा फारच मोठा असेल, डोके सतत दुखत असेल, नजरेला कडेचे दिसत नसेल, तर लगेच. उगाच केलेल्या एमआरआयचा तोटा फक्त पैशांचा नाही. ठणठणीत माणसांपैकी सुमारे दहा टक्क्यांच्या पिट्युटरीत एखादा बारीक ठिपका असतोच, त्याचा कशाशीही संबंध नसतो. एकदा तो रिपोर्टवर छापला गेला की डोक्यातून जात नाही.

पुरुषांसाठी दोन शब्द. वाढलेले प्रोलॅक्टिन मेंदूकडून जननग्रंथींना जाणारी सूचनाच दाबते. बाईत पाळी बंद होते, ते लगेच लक्षात येते. पुरुषात टेस्टोस्टेरॉन उतरते, इच्छा आणि ताठरता कमी होते आणि तो ‘वय झाले, कामाचा ताण आहे’ म्हणत वर्षे काढतो. म्हणूनच पुरुषांतल्या गाठी सापडतात तेव्हा बहुधा मोठ्या असतात, कधी कधी गाडी चालवताना बाजूचे वाहन दिसले नाही म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेल्यावर. भिंतीवरच्या जाहिराती वाचून गुप्तरोगाच्या दवाखान्यात पैसे घालवण्यापेक्षा सकाळचे टेस्टोस्टेरॉन आणि प्रोलॅक्टिन तपासून घ्या.

गाठ निघालीच तर

एक सेंटिमीटरपेक्षा लहान गाठीला मायक्रो, मोठीला मॅक्रो म्हणतात. दोन्ही जवळजवळ नेहमीच कर्करोगाच्या नसतात. लहानांपैकी फार थोड्या पुढे वाढतात. पाळी नियमित असेल, सध्या मूल नको असेल आणि त्रास नसेल, तर नुसते लक्ष ठेवूनही चालते. पाळी बंद असेल तर मात्र उपचार हवेत, कारण इस्ट्रोजेन कमी राहिले तर हाडे ठिसूळ होतात.

औषध म्हणजे डोपामिनसारखेच डी-२ ला चिकटणारे रेणू. पहिले ब्रोमोक्रिप्टिन. राय धान्याच्या कणसावर वाढणाऱ्या अरगट बुरशीतल्या रसायनांवर काम करताना स्वित्झर्लंडच्या सँडोझ कंपनीत ते तयार झाले आणि १९७१-७२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्याचे रुग्णांवरचे पहिले अनुभव आले. आपल्या बाजरीच्या कणसावर पडणारा अरगट त्याच कुळातला. आज जास्त वापरात आहे ते कॅबरगोलिन, कारण त्याचा परिणाम टिकतो आणि त्रास कमी होतो.

टिकतो म्हणजे किती? इतका, की ही गोळी रोज घ्यायची नसते. सुरुवात सहसा आठवड्याला अर्धा मिलिग्रॅम, एकदम किंवा दोन वेळांत विभागून. गोळी म्हणजे रोज एक, असे हाताला वळण असल्याने इथे चुका होतात. वार ठरवा, सोमवार-गुरुवार किंवा नुसता रविवार, आणि कालनिर्णयवर खूण करून ठेवा. रात्री जेवणानंतर, झोपण्यापूर्वी घ्या. पहिल्या काही वेळी मळमळते, सकाळी एकदम उठून उभे राहिल्यावर गरगरते; काठावर बसून मग उठावे.

आणि इथे सर्वांत महत्त्वाची सूचना. या मळमळीसाठी कुणी डोमपेरिडोन किंवा मेटोक्लोप्रामाइड दिले, तर ते कॅबरगोलिनचाच रस्ता अडवते. एकाच ग्राहीवर एक गोळी ‘थांब’ म्हणते, दुसरी तिला चिकटूच देत नाही. आकडा उतरत नाही म्हणून मग मात्रा वाढवली जाते. ही जोडी एकाच पिशवीत असलेल्या रुग्णाला दोन डॉक्टरांनी वेगवेगळ्या दिवशी औषधे लिहिलेली असतात, दोघांचीही चूक नसते. पिशवी एकत्र पाहणारे घरातले कुणीतरी हवे.

दुसरी सूचना घरच्यांसाठी. डोपामिनसारख्या औषधांनी काही थोड्या माणसांत स्वतःवरचा ताबा सुटतो: ऑनलाइन रमीत पैसे उडवणे, अनावर खरेदी, अचानक वाढलेली कामवासना. ते स्वभाव बिघडल्याचे लक्षण नसते. औषध कमी किंवा बंद केल्यावर सहसा जाते. उपचार सुरू करताना नवरा-बायको दोघांनाही हे माहीत असावे.

कॅबरगोलिनने हृदयाच्या झडपा खराब होतात, असे वाचून काहीजण घाबरतात. २००७ साली ते दिसले, पण पार्किन्सनच्या रुग्णांत, जिथे रोजची मात्राच इथल्या आठवड्याच्या मात्रेच्या कितीतरी पट असते. आठवड्याला दोन मिलिग्रॅमच्या वर आणि दीर्घकाळ घेणाऱ्यांनी अधूनमधून इको करून घ्यावा. बाकीच्यांनी या भीतीने औषध सोडू नये.

किती दिवस? निदान दोन वर्षे. तोवर आकडा नॉर्मल राहिला आणि एमआरआयवर गाठ दिसेनाशी झाली, तर डॉक्टर हळूहळू औषध कमी करून बंद करून पाहतात. काहींना पुन्हा सुरू करावे लागते. बंद केल्यानंतरच्या पहिल्या वर्षात तपासण्या चुकवायच्या नाहीत. गोळी सोसत नसेल किंवा दाद देत नसेल, तर नाकाच्या वाटेने शस्त्रक्रिया करतात. ती पिट्युटरीची बरीच ऑपरेशने करणाऱ्या सर्जनकडेच करावी.

दिवस राहिले तर? कॅबरगोलिनने पाळी सुरू व्हायच्या आधीही बीज सुटू शकते, तेव्हा मूल नको असेल तर पहिल्या दिवसापासून काळजी घ्या. हवे असेल आणि गाठ लहान असेल, तर गर्भधारणा पक्की होताच औषध सहसा बंद करतात. गर्भारपणात प्रोलॅक्टिन मोजत बसायचे नाही, ते वाढणारच. डोकेदुखी आणि नजर यांवर लक्ष ठेवायचे. मोठी गाठ असेल, तर आधीच नियोजन हवे आणि दर तिमाहीला नजरेचे क्षेत्र तपासायला हवे. लहान गाठ असलेली आई बाळाला अंगावर पाजू शकते; औषध मात्र तोवर थांबलेले असते, कारण त्याने दूध आटते. घरच्यांना हे आधी सांगून ठेवा. नाहीतर सुनेला दूध कमी येते म्हणून एकीकडे शतावरी कल्प आणि दुसरीकडे दूध आटवणारी गोळी, असा प्रकार होतो.

शेवटी, घाई कधी करायची. पिट्युटरीची गाठ असलेल्या माणसाचे डोके एकाएकी, आयुष्यात कधी दुखले नाही असे दुखू लागले, उलट्या झाल्या, एकाचे दोन दिसू लागले, नजर अंधारली किंवा ग्लानी आली, तर गाठीत रक्तस्राव झालेला असू शकतो. तसेच मोठ्या गाठीवर औषध चालू असताना खाली वाकल्यावर नाकातून स्वच्छ पाणी ठिबकू लागले, तर ते सर्दीचे समजू नका. गाठ आटल्याने मेंदूभोवतीचे पाणी झिरपत असते. पाणी ठिबकले तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. पण पहिला प्रकार झाला, तर वेदनाशामक देऊन सकाळची वाट पाहू नका. न्यूरोसर्जन असलेले जवळचे मोठे हॉस्पिटल गाठा, फाइल सोबत घ्या आणि दारातच सांगा: “पेशंटला पिट्युटरीची गाठ आहे.”